पहिला फ्रीज घेताना: स्टार किती, युनिट किती आणि टिकेल किती

आमच्या आईचा एका दाराचा फ्रीज तेवीस वर्षं चालला. मी माझ्या पहिल्या भाड्याच्या घरासाठी हौसेने घेतलेला दोन दारांचा, पाच स्टारचा फ्रीज पाचव्या वर्षी वळवाच्या एका कडकडाटात बसला. कॉम्प्रेसर ठणठणीत होता, मागचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड जळाला होता. दुरुस्तीचा आकडा ऐकला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: वीज कमी खाणं आणि जास्त वर्षं टिकणं हे दोन वेगळे गुण आहेत. दुकानात आपल्याला पहिला गुण स्टार मोजून दाखवतात, दुसऱ्याबद्दल कुणी बोलत नाही.

पाडव्याला किंवा दसऱ्याला पहिल्यांदाच फ्रीज घ्यायला निघालेल्यांसाठी हे लिहितो आहे. निम्मं काम दुकानात जायच्या आधी घरीच उरकायचं आहे.

पायरी १: लिटर घरी ठरवा, दुकानात नाही

दुकानात गेल्यावर प्रत्येक फ्रीज लहान वाटतो, कारण शेजारी त्याहून मोठा उभा असतो. म्हणून आकडा घरून घेऊन जा. दोन माणसं असतील आणि भाजी दर दोन-तीन दिवसांनी येत असेल, तर १८० ते २०० लिटर पुरतात. चार माणसं, आठवड्याची मंडई एकदम, मे महिन्यात आमरस गोठवून ठेवायचा, थंडीत मटार सोलून भरायचे, असं घर असेल तर २४० ते २८० लिटर. त्यापुढचं बहुतेक घरांत कालपरवाच्या आमटीच्या डब्यांसाठी लागतं, असं माझं निरीक्षण आहे.

एक खुलासा. २०२३च्या जानेवारीपासून नियम बदलले आणि फ्रीजवर पूर्वीचा ढोबळ आकडा न लिहिता प्रत्यक्ष वापरता येणारी जागा लिहायला लागले. त्यामुळे तुमच्या ताईकडचा जुना २६० लिटरचा फ्रीज आणि आज २४० लिटर लिहिलेला फ्रीज आतून जवळजवळ सारखेच असू शकतात. जुन्या आकड्याशी तुलना करून उगाच मोठा घेऊ नका.

मोजपट्टी काढाच. फ्रीज ठेवायची जागा मोजताना पाठीमागे आणि बाजूंना हवा खेळायला पुस्तिकेत सांगितलेलं अंतर धरा, नसेल तर किमान चार बोटं. दार पूर्ण उघडल्याशिवाय खालचा भाजीचा ट्रे बाहेर येत नाही, तीही जागा धरा. आणि जिन्याचं वळण मोजा. जुन्या वाड्यात, चाळीत फ्रीज वर चढवताना दार काढावं लागल्याचे किस्से ढिगाने सापडतील.

पायरी २: एक दार की दोन?

एका दाराचे फ्रीज बहुतेक ‘डायरेक्ट कूल’ असतात. वरचा बर्फाचा कप्पा थंड होतो आणि तिथून गारवा आपोआप खाली उतरतो. आत पंखा नाही, हीटर नाही. बर्फ साचतो, तो बटण दाबून वितळवावा लागतो. दोन दारांचे बहुतेक ‘फ्रॉस्ट फ्री’. त्यात पंखा गार हवा फिरवतो आणि ठरावीक वेळाने एक छोटा हीटर साचलेला बर्फ वितळवतो. म्हणजे फ्रीजच्या पोटात हीटर आहे आणि त्याचीही वीज आपणच भरतो. सारख्या लिटरला डायरेक्ट कूल सहसा कमी वीज घेतो आणि बिघडण्यासारखे भागही त्यात कमी असतात.

मग दोन दारांचा का घ्यावा? फ्रीझर खरोखर वापरत असाल तर. एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा मुख्य दारामागेच असतो, प्रत्येक वेळी दुधासाठी दार उघडलं की त्यालाही गरम हवा लागते. मासे-मटण आठ-दहा दिवसांचं भरणाऱ्यांना, आमरस पुढच्या गणपतीपर्यंत पुरवणाऱ्यांना उणे अठरा अंश टिकवून धरणारा वेगळा फ्रीझर हवाच. ज्यांच्या फ्रीझरमध्ये बर्फाचे दोन ट्रे आणि एक आइस्क्रीमचा डबा असतो, त्यांनी एका दाराचा घेताना कमीपणा मानू नये.

पायरी ३: स्टार मोजू नका, युनिट वाचा

केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने, म्हणजे बीईईने, ही स्टारची पद्धत २००६ साली सुरू केली. फ्रॉस्ट फ्री फ्रीजवर ते लेबल २०१०पासून सक्तीचं आहे. लेबलावर स्टार मोठे आणि रंगीत असतात, म्हणून नजर तिथेच जाते. आपल्या कामाच्या तीन गोष्टी मात्र त्याच लेबलावर बारीक अक्षरात आहेत.

पहिली: वर्षाला किती युनिट. हाच खरा आकडा. स्टार ही वर्गातली श्रेणी आहे. मोठ्या फ्रीजची तुलना मोठ्यांशी, लहानाची लहानांशी, डायरेक्ट कूलची डायरेक्ट कूलशी आणि फ्रॉस्ट फ्रीची फ्रॉस्ट फ्रीशी. त्यामुळे चार-पाच स्टारचा भला मोठा दुदारी फ्रीज तीन स्टारच्या छोट्या एकदारीपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो, आणि दोघांची लेबलं खरीच असतात. श्रेणी पाहून भुललेला माणूस मोठा फ्रीज घेऊन ‘वीज वाचवली’ म्हणत घरी येतो.

दुसरी: लेबल कोणत्या काळासाठी आहे. बीईई दर काही वर्षांनी निकष कडक करते आणि कालचा पाच स्टारवाला एखादी पायरी खाली येतो. यंत्र तेच, श्रेणी बदलली. वर्ष उलटताना दुकानात जुन्या लेबलाचे आणि नव्या लेबलाचे फ्रीज शेजारी शेजारी उभे असतात. अशा वेळी स्टारची तुलना निरर्थक, युनिटची चालते. मात्र दोन वेगवेगळ्या काळात मोजण्याची पद्धतही बदललेली असू शकते, म्हणून शक्यतो एकाच काळातली दोन लेबलं ताडून पाहा. जुनं मॉडेल स्वस्तात मिळत असेल तर ते वाईट नाही, पण ‘पाच स्टार’ म्हणून जास्त पैसे मोजू नका.

तिसरी: मॉडेलचं नाव. दुकानदाराने फ्रीजवर चिकटवलेली जाहिरात आणि लेबल एकाच मॉडेलचं आहे ना, हे बघा. बीईईच्या स्टार लेबल ॲपवर मॉडेल शोधून ताडताही येतं.

हे युनिट प्रयोगशाळेतल्या ठरावीक तापमानातले असतात, हे विसरू नका. आत ४ अंश आणि बाहेर २५ असेल तर फरक २१ अंशांचा. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात स्वयंपाकघर ४० अंशांवर गेलं की फरक ३६ होतो, म्हणजे भिंतींतून आत शिरणारी उष्णता जवळपास पावणेदोन पट. त्यात तितक्या गरम हवेत ती उष्णता बाहेर फेकायला कॉम्प्रेसरला जास्त जोर लावावा लागतो, तो वेगळाच. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी आणखी एक करावं: फ्रीजच्या आत किंवा पाठीमागे तपशिलाची पट्टी असते, तिच्यावर हवामानाचा वर्ग दिलेला असेल तर तो बघावा. ‘एन’ म्हणजे ३२ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी, ‘एसटी’ ३८पर्यंत, ‘टी’ ४३पर्यंत. आपल्याला ‘टी’ हवा.

पायरी ४: पाटीवरची किंमत आणि खरी किंमत

आता कागद-पेन घ्या आणि मागच्या महिन्याचं वीजबिल काढा. बिलाची रक्कम भागिले युनिट, असा सरासरी दर बहुतेक जण काढतात. तो इथे चुकतो. फ्रीजने दहा युनिट वाचवले तर ते तुमच्या वापराच्या वरच्या टोकातून जातात, तळातून नाही. महावितरणच्या घरगुती बिलात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्पे आहेत आणि वरच्या टप्प्याचा दर बराच चढा आहे. तेव्हा तुमचा वापर ज्या टप्प्यात संपतो त्या टप्प्याचा दर घ्या, त्यात वहन आकार आणि असेल तर इंधन समायोजन आकार मिळवा, आणि बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क चढवा. स्थिर आकार सोडून द्या, तो फ्रीजने बदलत नाही.

(जाता जाता: १०० युनिट ओलांडले की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो, हा समज चुकीचा आहे. वरचा दर १०१व्या युनिटापासून पुढच्यांनाच लागतो.)

उदाहरणापुरते आकडे घेतो. एक फ्रीज वर्षाला २१० युनिट घेतो, दुसरा १४०, आणि दुसरा ६,००० रुपयांनी महाग आहे. फरक ७० युनिटांचा. तुमचा वरचा दर सगळं धरून १३ रुपये पडत असेल तर वर्षाला ९१० रुपये वाचतात, जादा दिलेले पैसे साडेसहा-पावणेसात वर्षांत फिटतात. फ्रीज बारा वर्षं चालला तर पुढची पाच वर्षं निव्वळ फायदा. पण घरात दोघंच आहात, दिवसभर बाहेर असता, वापर महिना ८० युनिटांच्या आत आहे आणि दर ७ रुपयेच पडतो, असं असेल तर वर्षाला ४९० रुपये वाचतील. फिटायला बारा वर्षं. तोवर फ्रीज राहील का, हा प्रश्न. गोव्यात घरगुती विजेचे दर महाराष्ट्राहून बरेच कमी आहेत, तिथेही हिशेब असाच लांबतो.

म्हणून ‘पाच स्टारच घ्या’ हा सरसकट सल्ला मला पटत नाही. किमतीतला फरक तुमच्या दराने पाच-सहा वर्षांत फिटत असेल तर घ्या. आठ वर्षांच्या पुढे जात असेल तर ते पैसे चांगल्या स्टॅबिलायझरवर आणि अर्थिंगवर घालवा, फ्रीजचं आयुष्य तरी वाढेल.

पायरी ५: ‘इन्व्हर्टर’ या शब्दाने गोंधळू नका

इन्व्हर्टर फ्रीज म्हणजे लाईट गेल्यावर चालणारा फ्रीज नव्हे. हा गैरसमज इतका पसरलाय की काही विक्रेतेही तो खोडून काढायच्या भानगडीत पडत नाहीत. साधा कॉम्प्रेसर एकाच वेगाने पळतो, गार झालं की बंद पडतो, पुन्हा दणक्यात सुरू होतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर वेग कमी-जास्त करत बराच वेळ हळू चालत राहतो. त्यामुळे आवाज कमी, वीज कमी, आतलं तापमान जास्त स्थिर. हा वेग सांभाळतो तो इलेक्ट्रॉनिक बोर्ड. माझा जळाला तो हाच.

पायरी ६: किती वर्षं टिकेल?

साधारण दहा ते पंधरा वर्षं धरून चाला. आईच्या फ्रीजसारखे वीस पार करणारे असतात, पण त्यात यंत्राइतकंच वापरणाऱ्याचं श्रेय असतं. आईने कधी गरम डाळ फ्रीजमध्ये ठेवली नाही आणि आम्हाला बर्फ सुरीने खरवडू दिला नाही.

‘कॉम्प्रेसरची दहा वर्षांची वॉरंटी’ ही पाटी सगळीकडे दिसते. ती वाचताना एवढंच लक्षात ठेवा की ती कॉम्प्रेसर या एका भागाची आहे. पूर्ण फ्रीजची वॉरंटी बहुधा एकच वर्ष. कॉम्प्रेसर बदलताना लागणारा गॅस, मजुरी, ने-आण बऱ्याचदा आपल्याच खिशातून जाते. आणि फ्रीज कॉम्प्रेसरमुळे मरतो त्याहून जास्त वेळा दुसऱ्याच कशाने तरी मरतो.

एक, व्होल्टेज. गावाकडे संध्याकाळी शेतातले पंप सुरू झाले की दिवे पिवळे पडतात, तेव्हा साधा कॉम्प्रेसर सुरू व्हायला धडपडतो, टक् आवाज येतो, बंद पडतो, पुन्हा टक्. लाईट जाऊन लगेच आली तरी हेच होतं, कारण आतला दाब समान व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. म्हणून साध्या कॉम्प्रेसरला वेळ लावून वीज सोडणारा स्टॅबिलायझर हवा. इन्व्हर्टर फ्रीजवर ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ असं लिहिलेलं असतं आणि त्याखाली किती ते किती व्होल्टपर्यंत, हेही. तो पल्ला खरा असला तरी कडकडाटात येणारा विजेचा झटका त्यात बसत नाही. वळवाच्या दिवसांत ढग गडगडायला लागले की मी आता प्लग काढून ठेवतो. दार न उघडता चार तास फ्रीज गार राहतो.

दोन, गळती. ‘दोन वर्षं झाली, गॅस संपला असेल’ असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. फ्रीजमधला गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरतो आणि कमी झाला तर कुठेतरी छिद्र आहे. छिद्र न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या कळशीत पाणी ओतणं. एका दाराच्या फ्रीजमध्ये हे छिद्र बहुतेक वेळा आपणच पाडतो, बर्फाला चिकटलेला ट्रे सुरीने उचकटताना. कोकणच्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेने नळ्या आणि खालचा पत्रा गंजतो. तिथे पाठीमागची जाळी कशाची आहे ते विचारा. तांब्याच्या नळीला डाग देणं गावातल्या मेकॅनिकला जमतं, ॲल्युमिनियमची जोडणी अवघड. हल्ली बऱ्याच मॉडेलमध्ये या नळ्या दोन्ही बाजूंच्या पत्र्यामागे दडवलेल्या असतात (म्हणून बाजू गरम लागतात, तो बिघाड नव्हे). तिथे गळती झाली तर फोमच्या आत हात घालता येत नाही.

आताच्या फ्रीजमध्ये बहुतेक आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. वातावरणाला जुन्या आर-१३४एपेक्षा कितीतरी सौम्य, पण पेट घेणारा. आत तो बहुधा शंभर ग्रॅमपेक्षाही कमी असतो, म्हणून घरात भिण्यासारखं काही नाही. मात्र उघड्या ज्वाळेने डाग द्यायला बसणाऱ्या माणसाला नळीला हात लावू देऊ नका. आणि ‘१३४ भरून देतो, तोच चालतो’ म्हणणाऱ्यालाही नाही. कॉम्प्रेसर, तेल, नळीचं माप सगळं त्या त्या गॅससाठी बेतलेलं असतं.

तीन, दाराचं रबर. स्वस्तातली वस्तू, पण ढिली पडली की फ्रीज दिवसभर धापा टाकतो. रात्री मोबाईलचा टॉर्च लावून आत ठेवा, दार लावा, खोलीतला दिवा घालवा. कडेने उजेड झिरपला तर रबर गेलं.

या सगळ्यामुळे माझ्या मते ब्रँडपेक्षा मोठा प्रश्न असा: तुमच्या तालुक्याच्या गावी त्या कंपनीचा माणूस येतो का, आणि किती दिवसांत? रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एलजी, व्हर्लपूल, हायर अशा तिघांचे कारखाने आहेत, पण कारखाना जवळ असल्याने सुटा भाग लवकर मिळतोच असं नाही. दुकानात विचारू नका, तिथे ‘हो’च म्हणतात. तुमच्या गल्लीतल्या फ्रीज मेकॅनिकला विचारा की कोणत्या कंपनीचे बोर्ड आणि रबर त्याला सहज मिळतात. त्याचं उत्तर सोन्यासारखं.

पायरी ७: पैसे देण्याआधी

उत्पादनाचा महिना आणि वर्ष बघा, फार दिवस गोदामात पडलेला नको. वाढीव वॉरंटी विकत असतील तर एकच प्रश्न विचारा: बोर्ड, गॅस आणि मजुरी यात धरली आहे का? तिन्हींना ‘हो’ असेल आणि ते कागदावर असेल, तर इन्व्हर्टर मॉडेलला ती घ्यावी असं माझं मत आहे. एरवी नको. बिलावर अनुक्रमांक लिहून घ्या आणि बिलाचा फोटो काढून ठेवा, कारण छापील शाई दोन वर्षांत उडते.

पायरी ८: घरी आल्यावर

आडवा करून आणला असेल तर उभा करून काही तास थांबा, कॉम्प्रेसरमधलं तेल खाली बसू द्या. शेगडीपासून आणि उन्हाच्या खिडकीपासून लांब ठेवा. प्लग थेट भिंतीतल्या अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये, एक्स्टेंशनवर नाही.

आतल्या चकतीवरचा मोठा आकडा म्हणजे जास्त गार, जास्त तापमान नव्हे. यात निम्मी घरं फसतात, उन्हाळ्यात चकती उलटी फिरवतात आणि दूध नासलं की फ्रीजला शिव्या घालतात. आतलं तापमान ३ ते ५ अंश पुरे. थंडीत एक पायरी खाली आणा. डायरेक्ट कूलमध्ये बर्फाचा थर अर्ध्या सेंटिमीटरच्या वर चढू देऊ नका. बर्फ गारवा अडवतो आणि पावसाळ्याच्या दमट हवेत तो भराभर वाढतो. पाठीमागे जाळी असेल तर सहा महिन्यांनी ब्रश फिरवा, अर्थात प्लग काढून.

आणि जुना फ्रीज?

नवा आला की जुना गॅलरीत जातो, ‘पाण्याच्या बाटल्यांना होईल’ म्हणून. तो किती वीज खातो हे कळायला सोपा मार्ग आहे. गावाला जाताना घरातलं बाकी सगळं बंद करून तो एकटा चालू ठेवा आणि निघताना, आल्यावर मीटर वाचा. तीन दिवसांत सहा युनिट गेले तर वर्षाला ७३० होतात, तेही कुणी दार न उघडता. नव्या फ्रीजने वाचवलेले सत्तर युनिट त्यापुढे काहीच नाहीत. बदलीत देताना तो भंगारात फोडला जातो की अधिकृत ई-कचरा केंद्रात जातो, हे दुकानदाराला विचारा. कंपन्यांवर तशी कायदेशीर जबाबदारी आहे. मी विचारलं तेव्हा दुकानातल्या पोराने गोंधळून मालकाला हाक मारली होती, आणि मालकाने आत जाऊन फोन लावला होता.